पंधरा नंबरसमोर

त्या गल्लीचं नाव मला उच्चारता येत नव्हतं.
सुरुवातीला दोन एल. जीभ टाळूला टेकवायची
आणि कडांनी वारा सोडायचा,
हे एलुनेड प्रिदरखने शिकवलं,
तिसऱ्या दिवशी, राग थोडा उतरल्यावर.

पहिल्या दिवशी ती बोललीच नाही.
फुटपाथवरच्या सिमेंटच्या ओट्यावर
आम्ही कपाट उभं केलं: हिरवं, माझ्या खांद्याइतकं,
दोन दारांचं. समोर तिच्या स्वयंपाकघराची खिडकी.
तिच्या हरकतीची प्रत माझ्या फायलीत होती,
तीन पानं, शाईने.

'कपाट कुरूप आहे असं मी लिहिणार नाही,
गल्लीत याहून कुरूप गोष्टी आहेत.
पण माझ्या खिडकीतून खालचं वळण दिसतं.
एकतीस वर्षं मी त्या वळणावर
काठीवरची गोल पाटी धरून मोटारी थांबवल्या
शाळेची पोरं पलीकडे जाईपर्यंत.
आता गुडघे थकले, म्हणून इथून बघते.
कपाटामागून मोठी माणसं दिसतील, मानेच्या वर.
सात वर्षांखालचं कुणीच दिसणार नाही.'

उत्तर एका ओळीचं:
जागा चाळीस सेंटिमीटर डावीकडे घेण्यात येत आहे.

दोन दिवस तंबूत बसून मी काच जोडली.
केसाहून बारीक तंतू. सोलायचा, पुसायचा,
टोक सरळ कापायचं, दुसऱ्या टोकासमोर धरायचं.
एक ठिणगी.
पडद्यावर सांधा दिसेनासा झाला
की पुढचा.
बोटं गारठली की काखेत घालायची.
अकरा नंबरची राहेला रोज विचारून जायची,
सोमवारपर्यंत होईल ना, मुलीची परीक्षा आहे.
कबुतरं पाळणारा म्हातारा मॅडॉक
कपाटावर तळहात ठेवून म्हणाला, हे तापतं का हो?
म्हटलं, आत पंखे आहेत.
म्हणजे गार होणार?
आतलं गार. बाहेर ऊब.
तो समाधानाने गेला, का ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी तांब्याच्या तारा.
जुन्या पेटीतून एकेका घराची जोडी शोधून
नव्या कपाटात आणायची.
सात, नऊ, अकरा, तेरा, सतरा.
पंधरा नाही.
पुन्हा मोजलं. पंधरा नाहीच.
नकाशा उलगडला: तिची तार या पेटीत कधी आलीच नव्हती.
तिचा सासरा खाणीच्या बचाव पथकात होता,
मध्यरात्री बोलावणं आलं तर वाटेत काही तुटू नये
म्हणून त्याची तार टेकडीवरून थेट एक्स्चेंजला नेलेली.
खाण बंद झाली. तार तशीच.

नेमकी तेव्हाच ती चहा घेऊन आली.
'आता उभंच केलंय, तर मलाही जोडून द्या.'

दिव्याखाली अंधार असतो तसं आहे, मी म्हणालो,
आणि मग नीट सांगितलं, खाणीसकट.
ती कपाटाकडे बघत राहिली.
'म्हणजे माझ्या खिडकीत हे दुसऱ्यांसाठी उभं?'
'हो.'
'मग त्याला सांगा, पाय रोवून उभं राहायचं.
हिवाळ्यात वळणावर वारा फार असतो.'
कप परत घेताना तिने मला गल्लीचं नाव
चार वेळा म्हणायला लावलं.

जानेवारीत राहेलाची लाइन बंद पडली म्हणून गेलो.
गल्लीभर बर्फ: गाड्यांवर, कुंपणांवर,
मॅडॉकच्या खुराड्यावर.
फक्त कपाटाचा माथा कोरडा,
आणि त्यावर ओळीने लोकरीचे हातमोजे.
एकेकटे. बोटभर लांबीचे. एक निळा, एकावर घुबड,
एकाचा अंगठा उसवलेला.
वळणावर पोरं गाळतात, ती वेचून आणते,
शाळा सुटेपर्यंत वाळतात.

दार उघडायचं म्हणून मी ते उचलून
कुंपणावर ठेवले. आतली तार सैल होती, घट्ट केली.
मोजे परत मांडले.

खिडकीच्या काचेवर टकटक.
ती बोटाने दाखवत होती:
निळा तिकडे. डावीकडे. आणखी डावीकडे.