वाळूवाले

कंपनीच्या कागदावर नाव आहे
आपत्कालीन प्रतिसाद पथक.
शिरोलीत ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.
सगळे म्हणतात, वाळूवाले.

पहिला नियमच तसा :
वितळलेल्या लोखंडावर पाणी मारायचं नाही.
आग दिसली की हात आपसूक कळशीकडे जातो.
तो कोरड्या वाळूच्या बादलीकडे वळवायला
दोन वर्षं लागतात, इलाही शिकलगार सांगायचे,
आणि एखाद्याला जन्मभर जमत नाही,
त्याला शिट्टी द्यावी.

मी वजनकाट्यावर असते.
गेटाशेजारचा जुना काटा, दांडीचा, विजेशिवाय चालणारा.
भंगाराचा ट्रक भरलेला तोलते, रिकामा तोलते,
मधला फरक माझ्या अक्षरात वहीत उतरतो.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर
सात टन चारशे उतरलं.
त्यात एक नळी होती, दोन्ही तोंडं ठेचलेली,
पोटात पेलाभर पाणी.
भट्टीनं ती गिळली
आणि छपरासकट ओकली.
चार्जिंगवर नागावचा श्रीपती बुचडे होता.
बंबाला यायला पाऊण तास लागला,
पुलावर उसाच्या गाड्या.
तोवर आम्ही पाणी मारत होतो. आम्ही सगळे. मीसुद्धा.

त्या पानाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.
नळीचं वजन त्या सात टन चारशेमध्ये आहे.

तेरावा झाला आणि इलाहींनी पॅटर्न शॉपात सात माणसं बसवली.
मॅनेजर म्हणाले, भत्ता काय मागणार?
इलाही म्हणाले, धुळीचा गुळाचा खडा मिळतोय की रोज,
त्यातच भागवू.

मग दर मंगळवारी, पाळी बदलताना,
तीन तुटक भोंगे म्हणजे आग, एक लांब म्हणजे गॅस.
मास्क गालाला घट्ट बसेना म्हणून
दत्तू खाड्यानं नवसाची दाढी काढली,
आधी डोंगरावर जाऊन जोतिबाला सांगून आला.
स्ट्रेचरवर झोपायला नेहमी भूपाल चौगुले,
कारण तो खरंच झोपायचा.
आणि शेवटी सगळ्यांनी काट्याच्या पाट्यावर उभं राहायचं,
बुटांसकट, बेल्टांसकट.
हा नियम माझा. पुस्तकात नाही.
सगळे हसायचे, आम्ही काय भंगार व्हय, अक्का?
मी दांडीवरचा गोळा सरकवायची :
बावीस माणसं, चौदाशे दहा.

महापुराच्या साली पाणी नाल्यातून उलटं आलं.
वीज गेली. भट्टीत दोन टन लोखंड, पिवळंधमक,
आणि खड्ड्यापासून पाणी चाळीस पावलांवर.
भट्टी कलवायला आता फक्त हातपंप.
त्यांनी मोल्डिंगची काळी वाळू पोत्यांत भरून बांध घातला,
आतल्या कोरड्या वाळूत आळं खणलं,
आणि पाळीपाळीनं पंप मारत
ते सगळं लोखंड त्यात सोडलं.
मला हे दिसलं नाही. मला फक्त
पत्र्याच्या फटीतून लाल उजेड दिसला
आणि तो हळूहळू विटत गेला.

अंधारात, धो धो पावसात, ते पाट्यावर आले.
कुणीतरी ओरडलं, बावीस!
मी बॅटरी दातांत धरली, गोळा सरकवला.
ओल्या कपड्यांनी जास्त भरायला हवं होतं.
भरलं तेराशे सत्तर.

पुन्हा मोजा, मी म्हणाले.
दत्तूनं स्वतःला दोनदा मोजलं होतं.
महतो नव्हता. रामसेवक महतो, छपऱ्याचा,
पथकात येऊन सहा महिने.
पंपाचा दांडा धरून तो तसाच बसला होता,
सोड म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.
दोघांनी त्याला आणला, पाणी मांड्यांपर्यंत आलेलं.
तो पाट्यावर चढला तशी दांडी उचलली.
चौदाशे तीस.
वही भिजली होती, तरी मी लिहिलं.

आळ्यातला तो गोळा नंतर क्रेननं काढला.
ना ब्रॅकेट, ना पंपाची बॉडी, कशाचाच आकार नाही.
मालक म्हणाले, पुन्हा वितळवा.
भूपाल म्हणाला, बघू की, सावकाश.
अजून गेटाशेजारी पडलाय.
नवी पोरं त्याच्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतात.

मार्चमध्ये मी निवृत्त होते.
नवा काटा डिजिटल येणार आहे.
महतोला दांडी वाचायला शिकवते आहे, तरीही.
परवा एका ट्रकातून त्यानं एक नळी बाहेर काढली,
कानाशी धरून हलवली,
आणि माझ्याकडे बघितलं.