काशाची वाटी

मंगळवार, तीन वाजता, स्वॉन्सी.
चर्चच्या मागच्या खोलीत हीटर खरखरतो.
एका टेबलावर सूप, एकावर घरभाड्याचे अर्ज,
कोपऱ्यात मी: टॉवेल, तूप,
आईची काशाची वाटी.

ऑल्विन बूट काढायला वेळ लावतो.
सत्त्याऐंशी सालापासून पॉझिटिव्ह.
हल्ली चहाबरोबर एक गोळी,
रक्तात विषाणू सापडतही नाही.
"पायांना मात्र कुणी कळवलं नाही," म्हणतो.
किनाऱ्यावर चालताना खाली वाळू की काच,
तळव्यांना पत्ता नसतो.

मी वाटी फिरवू लागते.
तो माझ्या उघड्या हातांकडे बघत राहतो.
तेव्हा ताट दाराबाहेर ठेवून जायचे, म्हणतो.
मोजे न घातलेला हात पहिल्यांदा पाहिला
तो गॅरेथचं अंग पुसणाऱ्या नर्सचा.
गॅरेथ त्याच शुक्रवारी...
पुढे बोलत नाही. हीटर बोलतो.

तळवे काळे पडू लागतात.
"हे विष उतरतंय का?"
"नाही रे. काशाचं नि तुपाचं काळं ते."
तो हसतो, जरासा हिरमुसून.

आमच्यात पायांना हात लावला
की समोरच्यानं आशीर्वाद द्यायचा असतो.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

डावा पाय घेतला तसा
तो एकदम म्हणाला, "गार आहे."
खरंच लागली, की सवयीनं म्हणाला,
कोण जाणे.

पुढच्या मंगळवारी हीटरशेजारी जागा रिकामी होती,
तरी वाटी मी
खिडकीतच ठेवली.