साडेपाच तास

मिरजेत, किल्ला भागात, औषधांच्या दुकानावर पहिला मजला.
कान तपासायचा दवाखाना.
तिथं रेहाना मुजावर यांची वही होती,
लाल कापडी पुठ्ठ्याची, वर्षाला एक.
मला बोलावलं होतं ती वही बंद करायला.

म्हणजे असं, की माणसानं फोनवर फॉर्म भरावा,
नाव, गाव, वय, कुठला कान.
बटण दाबताच त्याला मेल जावा
आणि डॉक्टरांच्या कॅलेंडरात तेवढा अर्धा तास
आपोआप निळा व्हावा.
मधे माणूस नको.
हे शेवटचं मी जरा हळू म्हणालो,
रेहानाबाई शेजारीच टाचण्या निवडत बसल्या होत्या.

फॉर्म पहिल्या दुपारीच उभा राहिला.
मेलचा सर्व्हर मात्र ओळख दाखवेना.
त्यांचं बोलणं जुन्या वळणाचं असतं:
आधी एकानं हॅलो म्हणायचं,
मग दुसऱ्यानं म्हणायचं, अडीचशे.
अडीचशे म्हणजे ऐकू आलं, पुढं बोला.
मी हॅलो, हॅलो करत राहिलो.
काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावलेली एक बाई
शिट्टी ऐकू आली की बटण दाबत होती,
नाही आली की भिंतीकडं बघत होती.
चौथ्या दिवशी अडीचशे आलं.
कॅलेंडरात पहिला पेशंट उगवला,
नाव चाचणी, आडनाव चाचणी, वय नव्व्याण्णव, दोन्ही कान.
मी सांगलीला घरी जाऊन झोपलो.

सोमवारी भूपाल मगदूम, मुक्काम दुधगाव, वय एकाहत्तर.
फॉर्म नातवानं भरलेला, वेळ मागितली सकाळी दहाची.
कॅलेंडरानं दहाच धरले.
मेल मात्र लिहून गेला:
आपली वेळ पहाटे ४.३०. कृपया दहा मिनिटे आधी यावे.

ते दहा मिनिटं आधी आले.
दुधाच्या टेम्पोतून, मफलर गुंडाळून,
मेलची छापील प्रत चौघडी करून खिशात.
शटरसमोरच्या पायरीवर बसून राहिले.
दुकानं झाडणारा पोरगा आला, पेपरवाला आला,
खालच्या औषधवाल्यानं उदबत्ती लावली.
नऊला रेहानाबाईंनी कुलूप काढलं,
कागद वाचला, आणि मला फोन केला.
फोनवर एवढंच म्हणाल्या, "या."

मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं,
काका, सर्व्हर ग्रीनिचच्या घड्याळावर चालतो,
आपण साडेपाच तास पुढं आहोत,
ते मिळवायला मी विसरलो.
किती ऐकू गेलं कोण जाणे.
म्हणाले, "गेल्या आठवड्यात मोटरची लाइट
पहाटं साडेचारलाच येत हुती.
म्हटलं कानाचीबी पाळी तशीच आसंल.
येळ दिली की जायाचं.
लाइट थांबती व्हय कुणासाठी?"

दुरुस्ती एका ओळीची.
आशिया, तिरपी रेघ, कोलकाता.
मिरजेची वेळ कोलकात्याच्या नावावर का,
हे रेहानाबाईंनी दोनदा विचारलं.
मला नीट सांगता आलं नाही.

संध्याकाळी वही टेबलावर उघडीच होती.
पेन्सिलीनं लिहिलेलं:
मगदूम, दुधगाव. डावा जास्त. उजव्या बाजूनं बोलावं.
लवकर येतात, चहा बिनसाखरेचा.
आदल्या पानांवरही असंच काही काही,
कुणाची एस्टी साडेअकराच्या आत पोचत नाही,
कोण सुनेसमोर काही सांगत नाही.
माझ्या फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता.

मी तळाशी एक चौकट वाढवली,
आणखी काही सांगायचे आहे का?
दोनशे अक्षरं मर्यादा.
वहीचं मी कुणाला काही बोललो नाही,
ती अजून चालू आहे, यंदाचीही लाल.

चौकट बहुतेक रिकामीच येते.
परवा एकानं भरली:
कृपया फोन करू नये. ऐकू येत नाही.

त्यांना गेलेला मेल उघडून पाहिला.
वेळ बरोबर होती.