खाली किती

हचिन्सला सोमवारपर्यंत उत्तर हवंय.
ट्रक ठरलेत, काँक्रीट ठरलंय,
फक्की मारलेल्या चौकोनात आमचं घर
अजून गवतासकट पडून आहे.
तळघर हवं की नको, तेवढं सांगा, म्हणतो.

ओक्लाहोमाची ही माती लाल, चिकट,
पावसात फुगते, ऑगस्टमध्ये भेगाळते.
हचिन्सनं एक ढेकूळ तळहातावर मळलं,
त्याची वळी केली, बोटाभोवती गुंडाळली. तुटली नाही.
"बघा," म्हणाला, "ही भिंतींना ढुशा मारते.
तीस वर्षांत मी चार तळघरं बांधली,
त्यांतले तिघं अजून फोन करतात."

आर्डेल हसला नाही.
त्याचं लहानपण मिसुरीत, नदीकाठी.
एका एप्रिलमध्ये आईचं शिवणयंत्र, आजोबांची पत्रं,
सगळं कमरेइतक्या पाण्यात,
आणि रिकाम्या बरण्या तरंगत
एकमेकींवर आपटत होत्या रात्रभर.
तो आवाज त्याला अजून झोपेत येतो.
"पैसे मोजून डबकं कशाला बांधायचं?"

मी पाण्याला घाबरत नाही.
पाच वर्षांची होते, ल्युएला मावशीच्या घरी,
आम्ही चौघं न्हाणीघरातल्या टबात, वर गादी ओढून.
घर गेलं. टब राहिला.
लोक हे ऐकून हरखतात.
मावशीच्या कुत्र्याचं मी त्यांना सांगत नाही.

हिशोबही झाला, जेवणाच्या टेबलावर:
तळघर की व्हरांडा.
तळघर की दुसरं न्हाणीघर.
आर्डेल नकाशावर पेन्सिलीनं जिना काढतो,
खोडतो, पुन्हा काढतो.
त्या जागी कागद आता इतका झिजलाय
की खालचं टेबल दिसतं.

शुक्रवारी हचिन्सनं एक खड्डा खणून ठेवला,
पुरुषभर खोल.
रात्रभर राहू द्या, म्हणाला, पाणी कुठवर चढतं बघा.
सकाळी तळाशी वीतभर पाणी,
आणि त्यात एक बेडूक,
आगाऊ भाडं भरल्यासारखा.

आर्डेल माझ्याकडे 'बघ' न म्हणता बघत राहिला.
मी बूट चढवले, शिडी लावली, उतरले.

वर माळावर रोजचा वारा चालू होता.
आमच्याकडे तो थांबत नाही, दम घेतो फक्त.
खाली तो नव्हता.
किती वर्षांनी माझ्या कानांना काही काम नव्हतं.
मातीच्या भिंतीला मी हात लावला,
गार, ओली, गाईच्या नाकासारखी.
"काय ऐकू येतंय?" त्यानं वरून विचारलं.
"तुझे गुडघे."

काठावर तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला.
मग बादली आणली, दोर बांधून खाली सोडली.
मी भरायची, त्यानं ओढायची.
बोललो नाही. त्यानं मोजल्या.
"सतरा," म्हणाला, धापा टाकत.
"वारा आला तर बादली कुठं लावणार?"

तर, छोटंसं, कोठीच्या खाली, दहा बाय आठ.
एक पंप, एक बाक, अकरा पायऱ्या.
व्हरांडा पुढच्या वर्षी, किंवा नाहीच.
हचिन्स फोनवर गप्प झाला.
मग "पाचवं," एवढंच म्हणाला, आणि ठेवला.

बेडकाला आर्डेलनं टोपीत घालून
ओढ्यापाशी सोडलं, पाव मैल लांब.
संध्याकाळी खड्ड्यात पुन्हा एक होता.
तोच असेल, असं काही नाही.