कारण सांगा

सुरुवात मगरीपासून झाली.
विश्वामित्रीला पूर आला त्या वर्षी
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक येऊन पडली,
अ‍ॅक्टिव्हाच्या चाकाशी, ओल्या पोत्यासारखी.
यशोधनने गच्चीवरून व्हिडिओ काढला.
चार हजार लोकांनी पाहिला,
दोन दिवस पोरगं उभ्या-उभ्याच जेवलं.

मगरीनंतर शार्क. शार्कनंतर बुडालेली जहाजं.
जहाजांनंतर बुडालेली शहरं, शहरांची गुपितं,
आणि गुपितांनंतर, ती दडवली कोणी.
एक संपला की दुसरा आपोआप सुरू,
पंगतीत पानात पडत राहणाऱ्या जिलबीसारखा.
फक्त इथल्या वाढप्याला
पानावर आडवा धरलेला हात दिसत नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ कापतो. दांडिया बाजार, बावीस वर्षं.
नवरीच्या डोळ्यांत पाणी नसलं तरी
सनई कुठे खाली घ्यायची, सारंगी कुठे सोडायची
मला कळतं. बघणारा रडतो.
म्हणून त्या रात्री त्याच्या दाराआडून
ढोल ऐकू आला आणि मी थबकलो.
हा ढोल माझ्याकडे आहे.
नऊशे रुपयांना घेतलेल्या गठ्ठ्यात, नंबर अठ्ठेचाळीस.
मी तो घोड्यावरच्या नवरदेवाखाली घालतो.
इथे तो एका चित्राखाली वाजत होता:
पृथ्वीवर ओणवा माणूस,
आकड्यासारखं नाक, बोटांत दोऱ्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना यशोधन म्हणाला,
"बाबा, जग ते लोक चालवतात. ज्यू."
मीठ मागावं इतकं सहज.
त्याची आई म्हणाली, "कोण? नवगावकर सिस्टर?"
"त्या वेगळ्या गं."

हे 'त्या वेगळ्या' मी ओळखतो.
याच शहरात, एका वर्षी, दुसऱ्या कुणाबद्दल
माझ्याच तोंडून ऐकलं आहे.

येरुशा नवगावकर.
पंधरा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात
गळ्याभोवती नाळ घेऊन हा निळा आला,
तेव्हा तिनेच पाय धरून उलटा केला, चापट मारली.
आता जग राहू द्या, तिला गॅसचा नंबर लावता येत नाही.
दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला
हाच भरून देतो तिच्या मोबाइलवर.

याही वर्षी गेलो. दाराच्या चौकटीवर तिरकी डबी,
लहानपणी तो तिला बेल समजून दाबायचा.
बशीत मलिद्याचे पोहे, गूळ-खोबरं, वर वेलची.
"ते दाखल्याचं नंतर," ती म्हणाली,
"आधी हे बंद कर. मी प्रार्थना लावते,
प्रार्थना संपली की हा ढोल येतो."

अठ्ठेचाळीस.

तिने पडद्यावरच्या नाकावर बोट ठेवलं.
"काढायचं तर नीट काढा म्हणावं.
आमचं बघ, बसकं. अलिबागेकडचं.
आजोबा घाणा चालवायचे, तोही बैलाच्या मर्जीनं."
आणि हसली. यशोधन हसला नाही.
त्याने तीन ठिपके दाबले. 'यात रस नाही.'
यंत्राने विचारलं, कारण सांगा.

हा व्हिडिओ मी आधी पाहिला आहे.
हा व्हिडिओ मला आवडला नाही.

तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"तिसरं नाही का रे?"
"कोणतं?"
"यात मी आहे."

त्याचा अंगठा काचेवर अधांतरी राहिला
आणि पडदा आपोआप काळा झाला.

इथून पुढे तो सुधारला असं लिहिणं
म्हणजे शेवटाला सनई लावणं.
मला ते जमतं, म्हणूनच लावत नाही.
रात्री त्याच्या दाराखाली निळी फट अजून दिसते.
त्या फटीत काय चाललंय, विचारायला
मी दोनदा उठलो, एकदा दार वाजवलं.

नंबर अठ्ठेचाळीस मात्र पुसून टाकला.
परवा कारेलीबागचे एक वधूपिता आले, पाहिलं, म्हणाले,
सगळं छान आहे हो,
पण घोड्याखाली तो ढोल होता ना तुमचा,
तो का काढलात?