काट्याची फाईल

वाळपईला कदंबा साडेदहाला पोचली.
सोसायटीच्या दारात काजूची पोती,
बियांना अजून बोंडाचा आंबूस वास,
आणि आत, लक्ष्मीच्या फोटोखाली,
टॉवेल पांघरलेला संगणक.

सचिव म्हणाले, काटा नवा, प्रोग्राम नवा,
जुन्या फाईलमधले आकडे तेवढे उचला.
तेवढे.

प्रोग्राम कोइमतूरचा. त्याला सत्तरी ठाऊक नाही.
त्याला जोखता येतं, पण
किलोत की क्विंटलात,
काट्याची तार कुठल्या भोकात खोचलीय,
रिकाम्या पोत्याचं किती धरायचं
हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.
म्हणून रोज सकाळी, कामाला हात लावायच्या आधी,
तो ही साधी फाईल वाचतो
वरून खाली, एकदाच,
बदलीवर आलेल्या मास्तरानं हजेरीपट वाचावा तशी.
मग दिवसभर तिच्या शब्दाबाहेर जात नाही.
दुपारी तुम्ही काही बदललंत तर त्याला पत्ता नसतो;
बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत
तो सकाळीच बसलेला असतो.

डावीकडे नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत.
पोतं = ०.६
पावत्या = २
ओल_वजावट = २
इतकंच. नोटपॅडात उघडतं, कुणालाही वाचता येतं,
कुणालाही बिघडवता येतं.
(डिचोलीच्या एका पेट्रोलपंपावर
एका जास्तीच्या टिंबापायी मी रात्र काढली आहे.)

आणि ज्या ओळीच्या आधी # असतो
ती यंत्र वाचत नाही. ओलांडून जातं.
शांबा गावस यांनी अशा एकोणीस ओळी लिहून ठेवल्या होत्या.
जन्मभर मराठीत कीर्द लिहिलेला माणूस,
इथे मात्र रोमी अक्षरं, आणि भाषा घरची:

# पावसांत काटो फट मारता. दोन किलो चड.
# पोतें रितें करून जोखलां. बदलूं नाकात.
# ही ओळ कित्याक आसा खबर ना. काडल्यार बंद पडटा.

मी एकटीच हसले. टॉवेल घडी करून बाजूला ठेवला.
मग ओल_वजावटीच्या डोक्यावर:

# चेअरमन तीन म्हण्टा. हांवें दोनच दवरल्यात. शां.

ऐंशी किलोच्या पोत्यामागे आठशे ग्रॅम.
बाहेर कुणीतरी पोतं ओढत होतं, फरशीवर त्याचा आवाज.
किती हंगाम?
फाईलवरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

विचारलं, शांबाबाब कुठे असतात?
होंड्याला, मुलीकडे. आता डोळ्यांना कमी दिसतं.
का, काही चुकलंय का त्यांचं?
नाही, म्हटलं. अक्षर चांगलं आहे.
सचिवांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
चहा सांगायला गेले.

नव्या प्रोग्रामातही फाईल आहेच, पण पडद्याआड;
समोर गुळगुळीत चौकटी.
चौकटीत आकडा भरून 'जतन करा' दाबलं
की तो फाईल पुन्हा स्वतःच्या हातानं लिहितो
आणि # च्या ओळी पुसून टाकतो.
दोनदा करून पाहिलं. दोनदा पुसल्या.

आकडे तेवढे उचला म्हणाले होते.
उचलले. ०.६. २. आणि २.

जुन्या फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली,
नावापुढे तारीख घातली, सवयीनं.
मग नवा पावतीचा छपाईयंत्र तपासायच्या निमित्तानं
त्या एकोणीस ओळी छापायला सोडल्या.
चार बोटं रुंदीचा कागद, हातभर लांब,
गुंडाळत गुंडाळत बाहेर आला, ऊन होता.
शाई उष्णतेची असते, दोन पावसाळ्यांत उडेल, माहीत आहे.
तरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला,
आणि खाली पेनानं, देवनागरीत,
तिसऱ्या ओळीविषयी एवढंच:
मलाही कळलं नाही. नव्या फाईलमध्ये ठेवली आहे.

मग बंद केलं. दहा मोजले.
चालू केलं.
दारातल्या बाईला म्हटलं, आणा मावशी,
तुमचं पहिलं.