उभ्यानं घेतलेलं माप

लातूर, औसा रोड, रात्रीचे नऊ.
एक्स-रेवर पारदर्शक कागद सरकवत
मी वाटी निवडत होतो:
अठ्ठेचाळीसची, की सेहेचाळीसची?
चाळीस अंश कलती, पंधरा अंश पुढे.
वीस वर्षांत हे आकडे
पाढ्यासारखे पाठ झालेले.

प्रयागबाई हालकुडे, वय अठ्ठावन्न,
उदगीरला चौबाऱ्याजवळ
शिलाई मशीन: झंपर, परकर, झबली.
डावा खुबा जन्मापासून उथळ.
वाटी कसली, बशीच ती,
आणि मांडीच्या हाडाचा गोळा
बशीत न मावलेल्या चहासारखा
कडेकडेनं सांडत आलेला.

सकाळी राउंडला फोटो दाखवला.
त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"डॉक्टरसाब, हे माप निजवून घेतलाव का?"
हो, म्हटलं, टेबलावर, पाय जुळवून.
"निजवून मुडद्याचं माप घेतेत.
गिऱ्हाईक उभं करावं लागतंय,
मग बसवून बगावं लागतंय.
उभ्यानं झ्याक बसलेला झंपर
बसल्यावर काखेत फाटतोय."

नर्स हसली.
मीही हसणार होतो.

त्याच दुपारी उभ्यानं फोटो काढला.
मग स्टुलावर बसवून,
त्या मशीनवर बसतात तशा पुढं वाकून,
नसलेल्या सुईकडं डोळे बारीक करून.

माणूस बसतो तेव्हा कटोरा मागं कलतो,
वाटीचं तोंड जरासं उघडतं,
वर येणाऱ्या मांडीला वाट देतं.
प्रयागबाईंचा कटोरा
तिन्ही फोटोंत जागचा हलला नव्हता.
चाळीस वर्षं पायडल मारून
कमरेचे मणके एकमेकांना शिवले गेलेले,
दुहेरी टीप.

माझे पंधरा अंश
निजलेल्या बाईला बरोबर बसले असते.
पण ती बाई घरी जाणार होती,
मशीनखाली गेलेलं रीळ
एका दिवशी वाकून उचलणार होती,
आणि गोळा मागच्या बाजूनं
सटकन बाहेर.

टेबलावर बशी खरवडत गेलो
हाडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत.
आतली भिंत पापडाएवढी,
हात जरा जड पडला तर आरपार.
वरच्या कडेला छत नव्हतं.
त्यांचाच काढलेला गोळा कापून
तुकडा तिथं बसवला, दोन स्क्रू मारून.
आमच्यात त्याला ग्राफ्ट म्हणतात.
त्या ठिगळ म्हणाल्या असत्या.
शेवटी चव्वेचाळीसची वाटी लागली,
पंचवीस अंश पुढे.
मांडीचं हाड जन्मतःच पिळवटलेलं,
तिथं दांडा उलटा फिरवून पीळ काढला.
मग गुडघा पोटाशी आणला, आत वळवला.
गोळा बसून राहिला.
भूलतज्ज्ञ म्हणाले, झालं का?
मी आणखी एकदा वळवून पाहिला.

तीन महिन्यांनी आल्या, काठी न घेता,
तक्रार घेऊन.
"डावा पाय लांब केलाव."
टेप लावला. दोन्ही सारखे.
फळीवर उभं केलं. सारखे.
"टेपला कळतंय ओ, कमरेला कळंना."
कमरेलाही कळेल, म्हटलं, सहा महिने द्या.
हे मी सगळ्यांनाच सांगतो.

उठताना साडीचा काठ बोटभर उचलून
त्यांनी परकर दाखवला.
डाव्या अंगाला दोन बोटं जास्तीची मुडप
लग्नाआधीपासून प्रत्येक परकराला घातलेली,
साडीचा घोळ दोन्हीकडं सारखा दिसावा म्हणून.
ती आता ब्लेडनं उसवलेली.
घडीतून निघालेली पट्टी गर्द जांभळी,
दुकानातून आणल्या दिवसासारखी,
बाकी परकर धुऊन धुऊन राखेच्या रंगाचा.
सुईची भोकं ओळीनं तशीच.

नवा शिवा की, म्हटलं.
"शिवीन," म्हणाल्या,
"आदी ह्येच्यात चालून बगते."